फोमचं स्टुका पडद्यावर खेळणं का दिसतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि सोबतची अठरा सेकंदांची क्लिप निदान दहा वेळा पाहिली. तुम्ही चौघांनी दुसऱ्या महायुद्धावरच्या शॉर्ट फिल्मसाठी दीड मीटर पंखांचं फोमचं स्टुका (जर्मनांचं सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान, युंकर्स ८७) बांधलंत, रेडिओवर उडवलंत आणि मोबाईलवर शूट केलंत. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या जुन्या सिनेमात सूर मारणारे स्टुका रेडिओ कंट्रोलचीच मॉडेलं होती, हे कळल्यावर तुम्हाला हुरूप आला. पण त्यांचं विमान खरं वाटतं आणि तुमचं खेळणं वाटतं. म्हणून तुम्ही विचारताय, की दुप्पट मोठ्या मॉडेलसाठी पैसे जमवावेत का?

अजून वर्गणी काढू नका. मोठ्या मॉडेलने फरक पडेल, पण तुमच्या क्लिपमधला मुख्य दोष त्याने जाणार नाही. मी अठ्ठावीस वर्षं मॉडेल विमानं बांधतो आणि उडवतो. त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं छोट्या फिल्मवाल्यांसाठीही उडवली. या काळात एक गोष्ट पक्की कळली. प्रेक्षकाला विमानाची लांबी-रुंदी कळत नाही, त्याला वजन कळतं. आणि वजन कळतं ते वेळेवरून. विमान किती वेळात कललं, किती वेळात सावरलं, पडायला किती वेळ लागला, हे डोळा नकळत मोजत असतो. तुमच्या क्लिपमध्ये सातव्या सेकंदाला डावा पंख एका सेकंदात दोनदा खालीवर झालाय. जवळजवळ १४ मीटर पंखांचं, चार टनांहून जड विमान तसं करूच शकत नाही. प्रेक्षकाला हा हिशोब सांगता येणार नाही, पण ‘हे खेळणं आहे’ हे त्याला त्याच क्षणी कळतं.

आधी ‘बॅटल ऑफ ब्रिटन’बद्दल बोलू, कारण त्यात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. गाय हॅमिल्टन दिग्दर्शित हा सिनेमा १९६९ साली आला. त्यासाठी खरी विमानं शोधायचं काम हॅमिश महाडी या निवृत्त ग्रुप कॅप्टनकडे होतं. स्पिटफायर आणि हरिकेन ही ब्रिटिश लढाऊ विमानं इंग्लंडमध्ये जमवता आली. जर्मन विमानं मिळाली स्पेनमध्ये, कारण मेसरश्मिट १०९ आणि हेंकेल १११ यांच्या स्पेनमध्ये बनलेल्या आवृत्त्या तिथल्या हवाई दलाकडे होत्या. गंमत म्हणजे या दोन्ही स्पॅनिश आवृत्त्यांना रोल्स-रॉइसची मर्लिन इंजिनं होती. म्हणजे स्पिटफायरच्या पोटात जे इंजिन, तेच तिच्या शत्रूच्याही पोटात. मेसरश्मिटची हनुवटी त्या सिनेमात जरा फुगलेली दिसते ती त्यामुळेच.

अडलं ते स्टुकापाशी. युंकर्स ८७ची पूर्ण अवस्थेतली जेमतेम दोन विमानं जगात उरली होती, एक ब्रिटनमध्ये आणि एक शिकागोच्या संग्रहालयात. ब्रिटनमधलं उडतं करायचा विचार झाला, पण खर्च आवाक्याबाहेर गेला. मग पर्सिव्हल प्रॉक्टर या छोट्या विमानाचे पंख स्टुकासारखे मधून वाकडे करून पाहिले. लोकांनी त्यांना ‘प्रॉक्टुका’ नाव दिलं. तीही शेवटी पडद्यावर आली नाहीत. अखेर रडार केंद्रावर सूर मारणारे स्टुका दाखवायला मोठी रेडिओ कंट्रोल मॉडेलं उडवली. इंग्लिश खाडीत कोसळणारे हेंकेलही मॉडेलच होते.

इथे एक बारकावा बघा. ज्या सिनेमाकडे खऱ्या विमानांचा अख्खा ताफा होता, त्याने मॉडेल कुठे वापरलं? जे विमान मिळतच नव्हतं तिथे, आणि जे विमान मरायचं होतं तिथे. बाकी सगळीकडे खरं विमान. मॉडेलच्या वाट्याला दोन-तीन सेकंदांचा शॉट, त्याच्या अलीकडे पलीकडे खऱ्या विमानाचे शॉट आणि कॉकपिटमधले चेहरे. तुमच्या क्लिपमध्ये एकटं मॉडेल अठरा सेकंद आकाशात आहे. एवढा वेळ तर त्या लोकांनीही आपल्या मॉडेलला पडद्यावर एकटं सोडलं नाही.

रेडिओ कंट्रोल येण्याआधी हे काम तारेवर चालायचं. १९४०च्या दशकात रिपब्लिक स्टुडिओतले लायडेकर बंधू मोठाली मॉडेलं ताणलेल्या तारांवरून सोडायचे आणि मुद्दाम मोकळ्या मैदानात, खऱ्या उन्हात शूट करायचे. जपानमध्ये एजी त्सुबुराया यांनी १९४२ साली पर्ल हार्बरचा हल्ला सूक्ष्म प्रतिकृतींमधून उभा केला होता. तारेवरचं विमान जिथे पाहिजे तिथेच जातं, हा फायदा. पण ते तारेच्या रेषेतच जातं, कलत नाही, हेलकावत नाही, आणि ते डोळ्याला खटकतं. रेडिओने विमान मोकळं केलं आणि त्याबरोबर हवेच्या सगळ्या खोड्या पदरात पडल्या.

हॉलिवूडचं आणि रेडिओवर उडणाऱ्या विमानांचं नातं तर त्याहून जुनं आहे, आणि ते मला फार आवडतं म्हणून सांगतो. रेजिनाल्ड डेनी हे मूळचे ब्रिटिश नट, पहिल्या महायुद्धात रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये होते. १९३०च्या दशकात त्यांनी हॉलिवूडमध्ये मॉडेल विमानांचं दुकान काढलं. त्या छंदातून रेडिओप्लेन ही कंपनी उभी राहिली आणि अमेरिकी सैन्याला तोफांच्या सरावासाठी रेडिओवर उडणारी लक्ष्यविमानं पुरवू लागली. युद्धकाळात तिथे जवळपास १५,००० विमानं बनली. व्हॅन नाइसच्या त्या कारखान्यात काम करणारी नॉर्मा जीन नावाची मुलगी एका लष्करी छायाचित्रकाराच्या नजरेस पडली, आणि पुढे जगाने तिला मॅरिलिन मनरो म्हणून ओळखलं.

आता हिशोबाकडे येऊ. वही-पेन घ्या, कठीण काही नाही.

स्टुकाचे पंख १३.८ मीटर, तुमचं मॉडेल १.५ मीटर. म्हणजे साधारण १:९. लांबी नऊ पटींनी कमी झाली, की क्षेत्रफळ ८१ पटींनी कमी होतं आणि वजन ७२९ पटींनी कमी व्हायला हवं. भरलेलं स्टुका सुमारे सव्वाचार टन. ७२९ने भागा : जवळपास सहा किलो. तुमच्या विमानाचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही, पण या मापाची फोमची मॉडेलं दीड-दोन किलोची असतात. म्हणजे तुमचं विमान असायला हवं त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकंच जड आहे. वाऱ्याची झुळूक आली की ते पिंपळाच्या पानासारखं थरथरतं, ते यामुळे.

हा गुणाकार मी उगीच सांगत नाही. ‘द एव्हिएटर’ या २००४ सालच्या सिनेमासाठी हॉवर्ड ह्यूजच्या एक्सएफ-११ विमानाचं उडतं मॉडेल बनवलं होतं. पंख २५ फूट, म्हणजे मूळ विमानाच्या पाव. वजन ७५० पौंड, सुमारे ३४० किलो. मूळ विमान रिकामं सुमारे १७ टन, भरलेलं २६ टन. त्यांना ६४ने भागलं, की २६५ ते ४०५ किलोच्या मध्ये येतं. मॉडेल बरोबर त्या पट्ट्यात बसलंय. ते विमान हवेत जड दिसतं, कारण ते जड आहे.

दुसरा हिशोब वेळेचा. गुरुत्वाकर्षण मॉडेलसाठी लहान होत नाही. खरं विमान १०० मीटरवरून दगडासारखं पडलं तर साडेचार सेकंद लागतील. तुमच्या १:९ मॉडेलसाठी तीच उंची म्हणजे ११ मीटर, आणि तिथून पडायला दीड सेकंद पुरतो. म्हणून पडणारं मॉडेल खरं दिसायला हवं असेल, तर वेळ तिपटीने ताणावी लागते. नियम सोपा आहे : प्रमाणाच्या आकड्याचं वर्गमूळ घ्यायचं. नऊचं वर्गमूळ तीन, म्हणून सेकंदाला २४ ऐवजी ७२ फ्रेम शूट करायच्या आणि २४ने दाखवायच्या. पाव आकाराच्या मॉडेलला वर्गमूळ दोन, तिथे ४८ फ्रेम पुरतात.

मग सगळंच ७२वर शूट करावं का? नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. समजा तुमचं मॉडेल ताशी ७० किलोमीटरने सूर मारतंय. नऊपट मोठं जग दाखवायचं म्हणजे पडद्यावर ते ६३० वाटतं. ७२ फ्रेमवर शूट केलंत, तर त्याच्या तिसरा हिस्सा, २१०. खरं स्टुका सूर मारताना ताशी ५०० किलोमीटरच्या पुढे असायचं. म्हणजे ७२वर तुमचा सूर मंद, तरंगता दिसणार. मोबाईलवर ३० फ्रेमने शूट करून २४ने दाखवलंत, तर वेग ५०० येतो. अगदी बरोबर. पण तेव्हा मघाशी म्हटलेली पंखांची थरथर उघडी पडते, कारण ती लपवायला वेळ ताणलेलाच नाही.

तर इथवरचं थोडक्यात : सरळ उडण्याचा शॉट वेगाच्या हिशोबाने ठरवायचा, कोसळण्याचा शॉट गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबाने, आणि दोन्हीकडे थरथर कमी करायची ती वजनाने आणि हाताने. मॉडेल मोठं केलंत तर थरथर कमी होते, पाणी-धूर बरे दिसतात, वेगाची ओढाताण मात्र तशीच राहते.

मोठं मॉडेल म्हणजे हमखास यश नव्हे, याचं उदाहरण ‘एम्पायर ऑफ द सन’. स्पीलबर्गच्या या १९८७ सालच्या सिनेमासाठी मोठाली रेडिओ कंट्रोल मॉडेलं बनवली होती, त्यात १८ फूट पंखांचं बी-२९ बॉम्बर सुद्धा होतं. निकाल दिग्दर्शकाला पटला नाही. त्यांनी खऱ्या विमानांचा आणि वैमानिकांचा करार वाढवून घेतला. स्पेनमधल्या त्रेबुहेनाला खऱ्या मस्टँग विमानांनी केलेलं काम आपण आज त्या सिनेमात पाहतो. बी-२९ची रुंदी ४३ मीटर आहे, म्हणजे १८ फूट मॉडेलसुद्धा आठव्या हिश्श्याचंच होतं. शिवाय त्याच सिनेमात खरी मस्टँग डोक्यावरून जात असताना शेजारी मॉडेल ठेवलं की फरक झाकता येत नाही.

आता माझा अनुभव सांगतो, कारण वजनाचा मुद्दा मी पुस्तकातून नाही शिकलो. एका डॉक्युमेंटरीसाठी मला दोन मीटर पंखांचं हरिकेन उडवायचं होतं. सासवडच्या पुढचं एक पठार, डिसेंबर महिना, सकाळचे पावणेसात. पंखावर दव होतं, ते मी टॉवेलने पुसलं, कारण ओल्या पंखाने विमान वेगळंच वागतं. आदल्या दिवशीच्या शूटमध्ये हेच विमान कॅमेऱ्यात पतंगासारखं दिसलं होतं. म्हणून रात्री मी मुख्य स्पारच्या (पंखाच्या आतल्या कण्याच्या) जागी, सीजीच्या, म्हणजे विमानाच्या गुरुत्वमध्याच्या, अगदी दोन्ही बाजूंना, शिशाच्या पट्ट्या एपॉक्सीने चिकटवल्या. एकूण ७०० ग्रॅम. पहिल्याच फेरीत फरक कळला. वळणाला स्टिक दिली की विमान आधी विचार केल्यासारखं एक क्षण थांबायचं आणि मग कलायचं. कॅमेरामन मॉनिटरवरून मान वर न करता म्हणाला, ‘हां, आता विमान वाटतंय.’

तिसऱ्या फेरीला उतरताना मात्र मी जुन्याच सवयीने वेग कमी केला. जड विमानाला उतरतानाही जास्त वेग लागतो, वजन दीडपट झालं तर किमान वेग साधारण सव्वापट होतो. जमिनीपासून मीटरभर उंचीवर उजवा पंख पडला, उजवं चाक मुरमात घुसलं आणि अंडरकॅरेजचा लाकडी ब्लॉक पंखातून उपटून निघाला. त्या दिवसाचं शूट तिथे संपलं. तेव्हापासून वजन वाढवलं की आधी उंचावर विमान मुद्दाम स्टॉल करून पाहतो, म्हणजे पंखांची उचल सुटेपर्यंत वेग कमी करतो, कुठल्या थ्रॉटलला नाक खाली पडतं ते लक्षात ठेवतो, आणि मगच उतरवतो. तुम्हीही हे करा. वजनाचं शिसं शेपटीत किंवा नाकात नको, सीजीपाशीच हवं. तुमचा फोमचा पंख सहा किलोला टिकणार नाही, सूर संपवताना एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ओढलात की तो मधून दुमडेल. कार्बनची नळी घालून अडीच-तीन किलोपर्यंत न्या, त्याच्या पुढे जाऊ नका.

सूर मारताना खऱ्या स्टुकाला पंखाखाली ब्रेकच्या पट्ट्या असायच्या, त्यामुळे वेग एका मर्यादेवर स्थिर व्हायचा. तुमच्या मॉडेलला त्या नुसत्या चिकटवलेल्या आहेत. त्या उघडणाऱ्या केल्यात, तर सूर एकसारखा येईल आणि शेवटी ओढताना पंखावर ताण कमी पडेल. दोन छोटे सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या मोटरी) जास्तीचे लागतील, पण ते पैसे सार्थकी लागतील. ट्रान्समीटरवर एलेरॉनची (विमान कलवणाऱ्या पंखावरच्या पट्ट्यांची) हालचाल निम्म्यावर आणा आणि एक्स्पो, म्हणजे स्टिकचा मधला भाग मऊ करणारी सेटिंग, वाढवा. बोट घाबरून हललं तरी विमान हलता कामा नये.

त्या काळातल्या लोकांच्या हातात काय होतं, ते कळलं की त्यांच्याबद्दलचा आदर वाढतो. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बरेच जण रीड सेट वापरायचे. ट्रान्समीटर वेगवेगळ्या पट्टीचे स्वर पाठवायचा, रिसीव्हरमध्ये पातळ धातूच्या पट्ट्या त्या स्वरांवर थरथरायच्या आणि सर्व्होचा स्विच बंद-चालू व्हायचा. म्हणजे रडर (शेपटीचं सुकाणू) एकतर पूर्ण डावीकडे किंवा मध्ये. थोडंसं डावीकडे हा प्रकारच नाही. बटणावर टिचक्या मारत विमान वळवायचं. जेवढी स्टिक तेवढीच हालचाल, हे प्रपोर्शनल तंत्र त्या दशकाच्या मध्यावर हाती आलं, म्हणूनच ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मधले सूर तेवढे गुळगुळीत येऊ शकले.

आणि ॲन्टेना. २७ मेगाहर्ट्झवर लहरीची लांबी ११ मीटर होते, तिचा चौथा हिस्सा सुद्धा पावणेतीन मीटर. त्यामुळे रिसीव्हरची वायर लांब असायची आणि ती विमानाच्या मागे लोंबायची. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये कोसळणाऱ्या हेंकेलचं पहिलं फुटेज पाहताना निर्मात्यांना ती मागची वायर पडद्यावर दिसली. शॉट टाकून देण्यासारखा नव्हता. मग त्यांनी एक छोटा तुकडा आधी जोडला : गोळ्या लागून हेंकेलची नियंत्रणाची तार तुटते आणि सुटते. त्यापुढे कोसळताना मागे तार दिसली तरी प्रेक्षकाला ती त्याच घटनेचा भाग वाटते. संकलनातून काढलेला हा मार्ग मी कितीतरी मुलांना सांगत आलोय. तुमच्या रिसीव्हरला २.४ गिगाहर्ट्झमुळे जेमतेम तीन सेंटिमीटरची वायर आहे, ती प्रश्न करणार नाही. पण तुमच्या विमानाचा कॅनोपीजवळचा टेपचा तुकडा बाराव्या सेकंदाला चमकतोय, तो काढा किंवा त्याला गोळीची खूण करा.

कॅमेऱ्याबद्दल आता, कारण तुमचा निम्मा दोष इथे आहे. मोबाईल भर उन्हात शटर फार वेगवान ठेवतो, एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ. त्यामुळे तुमचा प्रोपेलर गोठलेला दिसतो, आणि सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने पाती केळ्यासारखी वाकलेली दिसतात. जुन्या फिल्म कॅमेऱ्याचं शटर २४ फ्रेमला साधारण एका सेकंदाच्या ४८व्या भागाइतकं उघडं असायचं, त्यामुळे प्रोपेलरची धूसर चकती आपोआप मिळायची. तुम्ही मोबाईलवर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळपट काच) लावा आणि मॅन्युअल अ‍ॅपमध्ये शटर ३० फ्रेमला १/६० आणि ६० फ्रेमला १/१२० ठेवा. दुसरं, रुंद लेन्सने जवळून शूट करू नका. जवळून घेतलेलं विमान मोठं नाही, जवळचं दिसतं. टेलिफोटो वापरा, लांब उभे राहा, कॅमेरा कमरेखाली ठेवा. मागे आकाश किंवा दूरचा डोंगर. तुमच्या क्लिपमध्ये मागे बाभळीचं झाड येतं आणि तिची पानं विमानाचं खरं माप सांगून टाकतात.

पाणी आणि आग ही दोन कामं तर मॉडेलसाठी सगळ्यात अवघड. थेंबाचा आकार लहान करता येत नाही. छोट्या मॉडेलने उडवलेलं पाणी मोठमोठ्या गोळ्यांसारखं दिसतं आणि ज्वाला मेणबत्तीसारखी. म्हणूनच समुद्रात पडणाऱ्या विमानासाठी परवडेल तेवढं मोठं मॉडेल घ्यावं लागतं. क्रिस्टोफर नोलन यांच्या २०१७ सालच्या ‘डंकर्क’मध्ये संगणकाचे सगळे मार्ग खुले असतानाही स्टुका आणि हेंकेलची मोठी रेडिओ कंट्रोल मॉडेलं वापरली गेली, कारण ऊन, हवा आणि पाणी तिथे खरं असतं. तुमच्या बजेटमध्ये मी पाण्यात पडणं सुचवणार नाही. विमान टेकडीआड जाऊ द्या, एक ठोका थांबा, मग धूर वर येऊ द्या. धुराला मागून ऊन असलं की तो अजून दाट वाटतो.

सुरक्षेबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे. ‘तोरा! तोरा! तोरा!’ या १९७० सालच्या सिनेमात पर्ल हार्बरच्या हल्ल्यात धावपट्टीवरून पळणारी पी-४० विमानं दाखवायची होती. पूर्ण आकाराची, पेट्रोल इंजिन लावलेली, ब्रेकने वळणारी, लांबून नियंत्रित होणारी मॉक-अप बनवली. एक मॉक-अप ठरलेल्या जागी जाऊन धडकायचं होतं. पण ते जमिनीवरून उचललं जाऊ लागलं, डावीकडे वळलं आणि ठरलेल्या जागेच्या अलीकडेच, उभ्या असलेल्या विमानांच्या रांगेत घुसून फुटलं. पडद्यावर जीव मुठीत धरून पळताना दिसणारे स्टंटमन खरोखरच जीव वाचवत पळत होते. अनेक कॅमेरे चालू होते म्हणून तो शॉट सिनेमात राहिला. ते अनुभवी लोक होते, तरी यंत्राने ऐकलं नाही. तुम्ही चौघेजण एका पठारावर, तीन किलोचं विमान, ताशी ७० किलोमीटरने जमिनीकडे येतंय. त्या सुराच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. कॅमेरा स्टँडवर ठेवा, माणूस बाजूला.

आमच्या सुरुवातीच्या काळात मैदानात एक फळी असायची, प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा एक चिमटा. चिमटा हातात नसेल तर ट्रान्समीटर चालू करायचा नाही. एकदा कुणीतरी विसरलं आणि माझं बाल्साचं विमान माझ्या डोळ्यांदेखत कुणा दुसऱ्याच्या स्टिकवर नाचत जमिनीत घुसलं. आज २.४ गिगाहर्ट्झने तो धोका जवळपास संपवला, पण रेंज चेक (सिग्नल किती लांब पोचतो ते पाहणं) आणि फेलसेफ (सिग्नल तुटला तर विमानाने काय करायचं ती सेटिंग) हे दोन्ही अजून लागतात. फेलसेफला थ्रॉटल शून्यावर येतोय ना, ते ट्रान्समीटर बंद करून जमिनीवरच तपासा. प्रोपेलर काढून. ड्रोन रूल्स २०२१ आल्यापासून सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा कुठल्या झोनमध्ये येते हेही आधी बघा. हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, पण विमानतळाच्या किंवा हवाई तळाच्या आसपास नाही.

आता तुमच्यापुरतं काय करावं. हे वाऱ्यावर, तुमच्या मैदानावर आणि उडवणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे, म्हणून नेमकं वचन देत नाही. पण मी तुमच्या जागी असतो, तर पैसे नव्या मॉडेलवर न घालता कार्बनची नळी, शिसं, दोन सर्व्हो आणि एनडी फिल्टर यावर घातले असते. वारा उठायच्या आत, सूर्य उगवल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात शूट केलं असतं. सूर ३० फ्रेमवर आणि सूर संपवून वर निघण्याचा शॉट ६० फ्रेमवर घेतला असता. शक्य तितके सूर घेऊन त्यातले सलग दोन सेकंद निवडले असते, आणि त्या दोन सेकंदांच्या आधी तुमच्या नटाचा वर पाहणारा चेहरा लावला असता. स्टुकाला सायरन होता, तो आवाज विमान दिसायच्या आधी सुरू करा. रंगावर चमक असेल तर मॅट फवारा, आणि एक्झॉस्टच्या मागे काजळी ओढा. नवंकोरं युद्धविमान पडद्यावर कधीच खरं दिसत नाही.

विमान काट्यावर ठेवून वजन कळवा, आणि पंखाच्या पुढच्या कडेपासून सीजी किती मिलिमीटरवर येतोय तेही लिहा. मग शिसं किती आणि कुठल्या जागी, ते सांगतो.